दोर्नकलचे बिशप अझरया

आपल्या मंडळ्यांच्या सभांतून देशी मंडळी हा शब्द पुष्कळ वेळां ऐकूं येतो. त्याचा अर्थ विचारला तर एक भाऊ म्हणतो, पेटी व टाळमृदंग घेऊन भजन केलें म्हणजे मंडळी देशी झाली. दुसरा म्हणतो, साहेबाच्या खुर्चीवर आपला माणूस बसला म्हणजे झाली. आणि तिसरा कांहीं न बोलतां पाळकाचा पगार कोठून येणार याची चिंता करीत बसतो. या तिघांचेंही म्हणणें आम्हीं आमच्या सेवेंत अनेकदां ऐकलें आहे, आणि खरें सांगावयाचें तर तिसऱ्या भावाची चिंता आम्हांस सर्वांत प्रामाणिक वाटते. म्हणून ज्या एका हिंदी पाळकानें या प्रश्नाचें उत्तर व्याख्यानांनीं न देतां खेडोपाडीं मंडळ्या उभारून दिलें, त्याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. ते म्हणजे दोर्नकलचे बिशप वेदनायकम् सॅम्युएल अझरया होत.

हिंदुस्थानच्या अगदीं दक्षिणेस, तेव्हांच्या मद्रास इलाख्यांतील तिन्नेवेल्ली जिल्ह्यांत, वेल्लालनविलै नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें १७ ऑगस्ट १८७४ रोजीं अझरया यांचा जन्म झाला. त्यांचे वडील थॉमस वेदनायकम् हे हिंदुधर्मांतून ख्रिस्ताकडे आलेले व पुढें त्याच खेड्यांत पाळक झालेले गृहस्थ होते. त्यांची जात नाडार. ताडावर चढून रस काढणारे म्हणून वरच्या जाती या लोकांस कमी लेखीत असत. पुत्र व्हावा म्हणून आईनें बहुत वर्षें प्रार्थना केली होती. मूल झाल्यावर तिनें हन्नेप्रमाणें तें देवास वाहिलें व त्याचें नांव शमुवेल ठेविलें. तेंच हें सॅम्युएल नांव. वडील लवकरच वारले. आईनें मुलास मोठ्या शिस्तींत वाढविलें, आणि पुढें एवढ्या मोठ्या पदास चढलेल्या या माणसाच्या अंगीं जो काटकपणा दिसे, तो या माउलीचा होता असें म्हणावयास हरकत नाहीं.

शाळेंत असतांनाच त्यांनीं एक गोष्ट पाहिली. वसतिगृहांतील मुलें सर्व ख्रिस्ती, सर्व बाप्तिस्मा झालेलीं. तथापि जातीजातींचे तंटे तेथेंही चालूच. या तंट्यांस आळा बसावा म्हणून या मुलानें आपल्या सोबत्यांचें एक लहान मंडळ काढलें. गोष्ट क्षुल्लक दिसेल, परंतु पुढील सर्व आयुष्याचें बीज येथें आहे, आणि वाचकांनीं ती ध्यानांत ठेवावी अशी आमची विनंती आहे.

मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजांत त्यांचें उच्च शिक्षण झालें. शेवटच्या परीक्षेच्या ऐन वेळीं आजार आला, परीक्षा चुकली, आणि त्यांनीं ती पुन्हां कधीं दिली नाहीं. पदवी नाहीं म्हणून संकोचणारे आमचे जे उपदेशक बंधू आहेत, त्यांस हें मुद्दाम सांगतों. याच पदवीहीन माणसास १९२० सालीं केंब्रिजच्या विद्यापीठानें आपण होऊन सन्मानाची पदवी दिली.

१८९५ सालीं ते ख्रिस्ती तरुणांच्या संघाचे, म्हणजे वाय. एम. सी. ए. चे, चिटणीस झाले व दक्षिणेंत गांवोगांव फिरूं लागले. अमेरिकेहून आलेले शेरवुड एडी यांच्याशीं याच कामांत त्यांचा स्नेह जडला, आणि तो जन्मभर टिकला. १८९८ सालीं अन्बू मरिअम्माळ या सुशिक्षित ख्रिस्ती स्त्रीशीं त्यांचा विवाह झाला. दोर्नकलच्या पुढील सर्व कामांत बाईंचा वांटा फार मोठा आहे. गांवोगांवच्या शिक्षकांच्या बायकांस शिकविणें हें काम त्यांनीं स्वतः अंगावर घेतलें होतें.

अझरया यांच्या आयुष्यास वळण लागलें तें १९०२ सालीं. त्या वर्षीं ते सिलोनांतील जाफना येथें गेले. तेथील तमिळ ख्रिस्ती लोक संख्येनें थोडे. पण ते आपल्या पैशानें आपले सुवार्तिक परक्या प्रदेशांत पाठवीत होते. हें पाहून अझरया यांस स्वतःच्या जिल्ह्याची लाज वाटली. तिन्नेवेल्लींत शुभवर्तमान येऊन शंभराहून अधिक वर्षें झालीं होतीं. तेथें मोठमोठालीं देवळें होतीं, शाळा होत्या, हिंदी पाळक होते, कित्येक घराण्यांत तिसरी व चवथी ख्रिस्ती पिढी नांदत होती. तरी या मंडळीनें स्वतःच्या खर्चानें आपल्या भाषेच्या सीमेपलीकडे सुवार्ता नेण्याचें काम उभारलें नव्हतें. तिला घेण्याची संवय होती, देण्याची नव्हती. अशी मंडळी कितीही जुनी झाली तरी ती पाळण्यांतलें मूलच होय, असें अझरया यांच्या मनानें घेतलें.

ते घरीं आले व त्यांनीं मित्रांस जमविलें. १२ फेब्रुवारी १९०३ रोजीं पाळयंकोट्टै येथें तिन्नेवेल्लीची हिंदी मिशनरी सोसायटी स्थापन झाली. नियम असा कीं माणसें आपलीं, पैसा आपला, कारभारही आपला. परदेशीं हात पसरावयाचा नाहीं. क्षेत्र कोठें घ्यावें म्हणून शोध करितां निजामाच्या राज्यांतील दोर्नकल हा भाग पुढें आला. तो वरंगळकडील रानावनाचा मुलूख, लोक गरीब, भाषा तेलुगु, आणि सुवार्तेचें काम तेथें जवळजवळ नव्हतेंच. सॅम्युएल पाक्यनाथन हे पहिले सेवक १९०४ सालीं तेथें गेले. तमिळ माणसास तेलुगु प्रांत हा परदेशच; अक्षरें निराळीं, चालीरीति निराळ्या. देशी सेवक म्हटला म्हणजे त्याला सर्व सोपें जातें, अशी जी समजूत आहे ती खरी नाहीं.

दोन वर्षांत हीच कल्पना साऱ्या हिंदुस्थानासाठीं पुढें आली. १९०५ च्या नाताळाच्या दिवशीं श्रीरामपूर येथें, जेथें विल्यम केरींनीं आपलें आयुष्य वेंचलें त्या ठिकाणीं, निरनिराळ्या प्रांतांचे व पंथांचे हिंदी ख्रिस्ती पुढारी जमले व त्यांनीं नॅशनल मिशनरी सोसायटीची स्थापना केली. अझरया तिचे चिटणीस झाले. पुन्हां प्रवास, पुन्हां भाषणें. गांवोगांवच्या तरुणांस ते विचारीत कीं तुम्ही शुभवर्तमान घेऊन केव्हां निघणार? परंतु दुसऱ्यास जावयास सांगणाऱ्याच्या मनांत एक कांटा सलत असतो, तो यांच्याही मनांत सलूं लागला. आपण स्वतः कां जात नाहीं? १९०९ सालीं त्यांनीं चिटणिसाचें मानाचें पद सोडिलें, पाळकदीक्षा घेतली, बायकोमुलांसह दोर्नकलास गेले व पस्तिशींत तेलुगु धडे गिरवावयास बसले. आमच्या मतें त्यांच्या चरित्रांतील हा सर्वांत मोठा प्रसंग होय. बिशपपद त्यापुढें लहान आहे.

पुढच्याच वर्षीं, १९१० सालीं, स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं जगांतील मिशनांची परिषद भरली. बाराशेंच्या वर प्रतिनिधि आले होते. त्यांत आशियांतील माणसें वीसही नव्हतीं. अझरया यांस विषय दिला होता तो परदेशी व देशी सेवकांच्या सहकार्याचा. मिशनऱ्यांनीं कष्ट केले, देह झिजविले, हें त्यांनीं मोकळ्या मनानें कबूल केलें. परंतु वर्षानुवर्षें एकत्र सेवा करूनही हिंदी सेवकास साहेबाच्या घरीं बरोबरीनें बसतां येत नाहीं, एकमेकांकडे जेवण होत नाहीं, धनी व चाकर हेंच नातें राहतें, हेंही त्यांनीं तितक्याच स्पष्टपणें सांगितलें. शेवटीं त्यांनीं जी वस्तु मागितली ती पैसा नव्हे, अधिकारही नव्हे. त्यांनीं मैत्री मागितली. सभेंतील कित्येकांस हें भाषण फार झोंबलें. आज त्या परिषदेंतील इतर बहुतेक भाषणें लोक विसरले आहेत, हें एक राहिलें आहे.

येथें वाचकांची क्षमा मागून एक गोष्ट बोलतों. हें भाषण वाचून साहेबांस दोष देणें आपल्यास सोपें जातें. परंतु साहेब गेले आणि खुर्ची राहिली. तिच्यावर आपण बसलों, आणि लांबच्या वाडीवरून तीन कोस चालत आलेला उपदेशक आपल्या ओसरीवर उभाच राहतो. त्यास घरांत घेऊन आपल्या ताटाशेजारीं बसविणारे पाळक आम्हीं फार थोडे पाहिले आहेत, आणि या हिशेबांत आम्ही स्वतःस वगळीत नाहीं.

मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांस फार दिवसांपासून वाटत होतें कीं खेड्यांतील गरीब लोकांतून जी मंडळी उठत आहे, तिचा मुख्य मेंढपाळ हिंदी असावा. त्यांनीं अझरया यांचें नांव पुढें केलें. लगेच विरोध उठला. कांहीं मिशनऱ्यांस काळ्या माणसाच्या हाताखालीं काम करणें रुचेना. आणि खुद्द तिन्नेवेल्लीकडील कांहीं ख्रिस्ती लोकांनींही कुरकूर केली, तिच्यांत जातीचा कडवटपणा मिसळला होता. तरी २९ डिसेंबर १९१२ रोजीं कलकत्त्याच्या सेंट पॉल मंदिरांत त्यांस बिशपपदाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन मंडळींत हिंदी मनुष्य बिशप झाल्याचा हा पहिलाच प्रसंग. तेव्हां ते अडतीस वर्षांचे होते, आणि त्यांचा धर्मप्रांत अगदीं लहान, रानांतला. पुढें कृष्णेकांठचीं जुनीं मोठीं मिशनक्षेत्रेंही त्यांच्या देखरेखीखालीं आलीं, व इंग्रज सेवक त्यांच्या हाताखालीं काम करूं लागले.

आतां खेड्यांतील कामाकडे वळूं. कारण बिशपांचा खरा इतिहास तेथेंच आहे. त्या तेलुगु प्रदेशांत शुभवर्तमान प्रथम ऐकिलें तें गांवकुसाबाहेरच्या माला व मादिगा या अस्पृश्य मानलेल्या लोकांनीं. आपल्याकडे महार व मांग यांची जी स्थिति होती तीच बहुतेक त्यांची. माला शेतांत राबत व विणकाम करीत. मादिगा कातडें कमावीत व ग्रामदेवीच्या जत्रेंत डफ वाजवीत. दोघेही गांवास अस्पृश्य, आणि तरी माला मादिग्याच्या हातचें पाणी पीत नसे.

हे लोक एकेकटे येत नसत. वस्तीच्या वस्ती, चार वडीलधाऱ्यांच्या विचारानें, बाप्तिस्मा मागावयास येई. बिशपांची रीति अशी होती कीं प्रथम वस्तीवर शिक्षक ठेवावयाचा. तो फार शिकलेला नसे; पण तो त्यांच्यांतलाच, त्यांच्या भाषेचा, आणि त्याची बायकोही शिकविलेली असे, कारण नवरा एकटा शिकून आला तर वस्तींतील अर्धीं माणसें, म्हणजे बाया, अज्ञानांत राहतात. हा शिक्षक दिवसा मुलांची शाळा घेई. संध्याकाळीं माणसें शेतावरून आलीं म्हणजे दिव्याशीं सर्वांस बसवून प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार, दहा आज्ञा व येशूच्या गोष्टी पाठ करून घेई. वाचतां न येणाऱ्यांसाठीं कथा तेलुगु गाण्यांत बांधलेल्या असत. मूर्तीचे नैवेद्य व दारू सुटावी लागे. महिने जात, कित्येकदां वर्षेंही जात, तेव्हां बाप्तिस्मा होई.

बिशप वर्षाचे पुष्कळ महिने बैलगाडीनें व सायकलीनें या वस्त्या हिंडत. तेथें त्यांचे प्रश्न ठरलेले असत. ते म्हणत, खेड्यांत चार भुतें असतात, घाण, रोग, कर्ज व दारू. तुमच्या वस्तींतून यांतलें कोणतें गेलें? लोक हंसत व मग एकमेकांकडे पाहूं लागत. दृढीकरणाच्या वेळीं ते प्रत्येकास आपला हात आपल्याच डोक्यावर ठेवावयास सांगत, आणि मी बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती आहें, मीं सुवार्ता सांगितली नाहीं तर मला धिक्कार असो, अशा अर्थाचे पौलाचे शब्द त्यांजकडून वदवीत. शेतमजूर, म्हातारी, परकरी मुलगी, कोणी सुटत नसे. पुढें साक्षीचा आठवडा सुरू झाला. त्या आठवड्यांत मंडळींतील साधीं माणसें टोळ्या करून शेजारच्या गांवीं जात. शेतकऱ्यांच्या वरच्या जातींतील पुष्कळ कुटुंबें त्या भागांत पुढें ख्रिस्ताकडे आलीं, तीं विद्वानांचीं व्याख्यानें ऐकून नव्हे. कालपर्यंत मेलेल्या ढोराचें मांस खाणारा व दारूंत लोळणारा आपला गडी आज स्वच्छ, शांत व खरें बोलणारा कसा झाला, हें पाहून तीं आलीं.

पैशाच्या बाबतींत बिशप फार कडक होते. गरीब मनुष्य देऊं शकत नाहीं हें म्हणणें त्यांस गरिबाचा अपमान वाटे. स्वैंपाक करितांना बाईनें मूठभर तांदूळ देवासाठीं बाजूस काढावे, सुगीस पहिली कणसें आणावीं, कोंबडीनें दिलेल्या अंड्यांतलें एक आणावें, अशा रीतीनें त्यांनीं देण्याची संवय लाविली. सुगीचा उत्सव म्हणजे त्यांच्या मंडळ्यांची जत्राच असे. धान्याच्या राशी, कोंबड्या, भोपळे, मिरवणूक व गाणीं. ख्रिस्ती दानावर त्यांनीं पुस्तकही लिहिलें. आम्हांस येथें एका खेड्याची आठवण होते. तेथील देवळाचें छप्पर वादळानें गेलें, आणि मंडळीनें दोन पावसाळे मदतीच्या अर्जाचें उत्तर येण्याची वाट पाहण्यांत घालविले. त्याच दोन वर्षांत त्या वस्तींत वाजंत्रीसकट पांच लग्नें झालीं. आम्ही त्या मंडळीस कांहीं बोललों नाहीं, कारण अर्ज लिहून देणारे आम्हीच होतों.

बिशपांनीं पाळक कोठून काढले हेंही पाहण्यासारखें आहे. इंग्रजी येत नाहीं, ग्रीक येत नाहीं, अशा परंतु वस्तीवर वर्षानुवर्षें विश्वासूपणें काम केलेल्या शिक्षकांस त्यांनीं निवडलें, दोर्नकलास आणून अधिक शिकविलें व पाळकदीक्षा दिली. सेमिनरींतून शिकून आलेल्या आमच्यासारख्यांस हें प्रथम पटत नाहीं. परंतु पौल प्रेषितानें लुस्त्र व इकुन्य येथें वडील नेमिले तेही त्या त्या गांवचेच होते. १९२४ सालीं दोर्नकलच्या धर्मप्रांतांत इंग्रज पाळक ८ व हिंदी पाळक ५३ होते. पुढील दहाबारा वर्षांत खेड्यांतील शिक्षकांची संख्या दोन हजारांवर गेली, आणि बिशपांच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्या देखरेखीखालील ख्रिस्ती लोक दोन लाखांहून अधिक होते.

आतां ज्या गोष्टीवर आम्हांस सर्वांत अधिक बोलावयाचें आहे ती ही. जें जें देशी तें तें ठेवावें असें बिशपांचें मत नव्हतें. डफ देशी, गाणें देशी, सुगीचा उत्सव देशी. पण जातही देशीच आहे, परदेशांतून कोणी आणिलेली नाहीं. जुन्या मिशनऱ्यांपैकीं कांहींनीं तिन्नेवेल्लींत जातीकडे कानाडोळा केला व तिचें फळ अझरया यांनीं शाळेंतच पाहिलें होतें. म्हणून दोर्नकलांत त्यांचा आग्रह असे कीं माला व मादिगा यांनीं एकाच ठिकाणीं बसावें व प्रभुभोजनाचा एकच प्याला तोंडास लावावा. हें सोपें झालें नाहीं. कोठें माला मंडळी रुसली, कोठें मादिगा वस्तीनें वेगळा शिक्षक मागितला, आणि कित्येक गांवीं हा रोग बिशप असेपर्यंत पुरता गेला नाहीं. परंतु परदेशी माणूस या पापाविषयीं बोलला तर लोक म्हणत, यास आमच्या चालीरीति काय कळतात? स्वतः हीन लेखिलेल्या जातींत जन्मलेला, स्वतःच्याच ख्रिस्ती बांधवांकडून जातीवरून दुखविलेला हिंदी बिशप बोलला म्हणजे तें उत्तर चालत नसे. देशाच्या पापाचा पश्चात्ताप देशी मंडळीनेंच करावा लागतो. तो दुसऱ्यास आपल्या वतीनें करितां येत नाहीं.

१९३५ सालच्या ऑक्टोबरांत नाशिक जिल्ह्यांतील येवलें येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं हिंदुधर्म सोडण्याचा आपला निश्चय जाहीर केला, आणि सर्व देशांत धर्मांतराचा वाद पेटला. महात्मा गांधींनीं आपल्या हरिजन पत्रांतून खेड्यांतील सामुदायिक धर्मांतरांवर कडक टीका केली. त्यांचें म्हणणें असें कीं या अडाणी लोकांस धर्म कळत नाहीं, ते लोभानें जातात. या टीकेचा रोख अझरया यांच्याही कामावर होता. अझरया हे गांधीजींचे शत्रु नव्हते. खादी, दारूबंदी, अस्पृश्यता इत्यादि अनेक गोष्टींत दोघांचें मन जवळ होतें. परंतु मादिग्यास आत्मा आहे, बुद्धि आहे, व आपला देव निवडण्याचा अधिकार त्यास आहे, हें त्यांनीं सोडिलें नाहीं. लोभानें कोणी आले नाहींत असें आम्ही म्हणणार नाहीं; आमच्याही मंडळ्यांचा इतिहास आम्हांस ठाऊक आहे. बिशपही तसें म्हणत नसत, आणि म्हणूनच बाप्तिस्म्यापूर्वींची ती लांबलचक शिकवण त्यांनीं कधीं आंखडती घेतली नाहीं.

दुसऱ्या बाजूस, १९३२ सालीं सरकारनें ख्रिस्ती लोकांस वेगळे मतदारसंघ देऊं केले, तेव्हां त्यांस विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पुढाऱ्यांत अझरया होते. त्यांस भीति ही कीं अशानें मंडळी म्हणजे मतें मोजणारी आणखी एक जात होऊन बसेल, आणि मग शेजाऱ्यास सुवार्ता सांगणें म्हणजे त्याचें मत चोरणें ठरेल.

दोर्नकलचें एपिफनीचें मंदिर आजही पाहावयास मिळतें. त्यावर मुसलमानी बांधणीचे घुमट व मनोरे आहेत, आंत दक्षिणेकडील देवालयांच्या मंडपासारखे कोरीव खांब आहेत, वारा व उजेड मोकळा आहे. इंग्लंडांतील देवळाची नक्कल करावयाची नाहीं, या देशांत देवाच्या भजनासाठीं जीं जीं रूपें उत्पन्न झालीं तीं ख्रिस्ताच्या चरणीं आणावयाचीं, असा त्यांचा हेतु होता. पैसा येई तसें काम चाले, व नसे तेव्हां थांबे; बांधावयास सुमारें पंचवीस वर्षें लागलीं. ६ जानेवारी १९३९ रोजीं त्याचें समर्पण झालें. आमच्या महाराष्ट्रांत याच सुमाराच्या थोडें आधीं रेव्ह. नारायण वामन टिळक यांनीं भजन व कीर्तन मंडळींत आणिलें, आणि १९१७ सालीं मिशनची चाकरी सोडून देवाचा दरबार मांडला. टिळकांनीं गाण्यापासून आरंभ केला, अझरया यांनीं धान्याच्या मुठीपासून. १९१९ सालीं टिळक वारले व दरबार फार काळ चालला नाहीं. त्यांचीं गाणीं मात्र राहिलीं. या दोघांची तुलना करून एकास कमी ठरवावें असें आम्हांस वाटत नाहीं, परंतु गाणें टिकावें म्हणून तें गाणारी वस्ती आधीं उभी असावी लागते, हें खरें.

अझरया यांच्या कामांत उणीवा होत्या, व त्या लपविणें त्यांस आवडलें नसतें. उपासनेचा क्रम त्यांनीं बहुतांशीं इंग्लंडच्या मंडळीच्या प्रार्थनापुस्तकाचाच ठेविला, तेलुगु भाषांतरांत. त्यांचा झगाही बिशपांचाच. परदेशी देणग्या त्या धर्मप्रांतास शेवटपर्यंत येत होत्या. ज्या माणसानें परक्या पैशाशिवाय सोसायटी काढिली, त्यासच पुढें शाळा व दवाखाने चालविण्यासाठीं तो पैसा घ्यावा लागला. आणि बत्तीस वर्षें सर्व सूत्रें एकाच कर्त्या हातीं राहिलीं, याचेही तोटे असतात. तथापि देशीपणा झग्यांत नाहीं व झगा टाकण्यांतही नाहीं, हें ज्यास कळलें होतें असे तेव्हां फार थोडे होते.

मंडळीच्या ऐक्याविषयीं त्यांची तळमळ तर सर्वश्रुत आहे. १९१९ च्या मे महिन्यांत तरंगंबाडी येथें निरनिराळ्या पंथांचे ३३ सेवक जमले, त्यांपैकीं दोघांशिवाय सर्व हिंदी. युरोपांतील भांडणांनीं पाडलेल्या भिंती हिंदी मंडळीनें आपल्या अंगणांत कां बाळगाव्या, हा त्यांचा प्रश्न होता. खेड्यांतल्या नव्या ख्रिस्ती माणसास अँग्लिकन, वेस्लियन व प्रेस्बिटेरियन यांतील भेद समजावून सांगणें म्हणजे जातिभेदाचा दुसरा धडा देण्यासारखें अझरया यांस वाटे. हीच गोष्ट त्यांनीं १९२७ सालीं लोझानच्या परिषदेंत युरोपच्या पंडितांस सांगितली. नॅशनल ख्रिश्चन कौन्सिलचे अध्यक्षही ते दीर्घकाल होते. ऐक्याची बोलणीं पंचवीस वर्षें चाललीं; बिशपपदाचा प्रश्न, दीक्षेचा प्रश्न, एक सुटला कीं दुसरा उभा राही. लोक थकले. ते थकले नाहींत. पण वय झालें होतें.

१९४४ चें वर्ष संपेपर्यंत त्यांचा गांवोगांवचा फेरा चालूच होता. थोड्या दिवसांच्या आजारानंतर १ जानेवारी १९४५ रोजीं दोर्नकल येथेंच त्यांस देवाज्ञा झाली. खेड्यापाड्यांतून माला व मादिगा, शेतकरी व शिक्षक, सर्व एकत्र आले, व त्या मंदिराच्या आवारांत त्यांस मूठमाती देण्यांत आली. २७ सप्टेंबर १९४७ रोजीं मद्रास येथें अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एक होऊन दक्षिण हिंदुस्थानची संयुक्त मंडळी स्थापन झाली; दोर्नकलचा धर्मप्रांत त्याच दिवशीं तींत सामील झाला.